दात किडू नयेत म्हणून काय चावावं? कडुलिंबाच्या काडीपासून करदंटापर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडकडच्या एका आईने विचारलंय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. मुलाच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांवर काळे ठिपके आहेत आणि एका दाढेत अन्न अडकतं. मुलीच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढुरकी रेघ दिसते. घरी सासूबाईंचा आग्रह असा की पेस्ट सोडा, कडुलिंबाची काडी द्या, ज्येष्ठमध चघळायला द्या, साखर बंद करून गूळ द्या. आमचे दात याच्यावरच टिकले. तर दात किडू नयेत म्हणून चावून खाण्याजोग्या नैसर्गिक गोष्टी कोणत्या, त्यांच्या जोरावर पेस्ट सोडता येईल का, आणि लागलेली कीड त्यांनी थांबेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात घाई आहे. मुलीच्या दातांवरची पांढरी रेघ म्हणजे किडीची पहिली पायरी. तिथे अजून खड्डा नाही. दाताच्या वरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून गेलंय, म्हणून तो भाग चुन्यासारखा दिसतो. एवढं नुकसान भरून येऊ शकतं आणि त्यात घरातल्या माणसांचा हात डॉक्टरपेक्षा मोठा असतो. मुलाच्या ज्या दाढेत अन्न अडकतं तिथे मात्र बहुतेक खड्डा पडलेला आहे. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड सांधतं तसा दात स्वतःहून सांधत नाही. कुठलाही पाला, साल, मुळी किंवा तेल तो खड्डा बुजवणार नाही.

शिवाय ती दाढ पक्की असण्याची शक्यता खूप आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एकेक पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडावा लागत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. "पडणारीच आहे की ओ डॉक्टर, कशाला उगाच भरायची?" हे वाक्य मी पक्क्या दाढेबद्दल इतक्या वेळा ऐकलंय की आता आधी आरसा देऊन आईलाच मोजायला लावते. ही दाढ एकदाच येते. ठणकायची वाट न बघता मुलाला दाखवून घ्या.

आता काय चावावं, याकडे येऊ. पण ते कळायला दात किडतो कसा हे दोन मिनिटं समजून घ्यावं लागेल, नाहीतर औषधी वनस्पतींची यादी हातात येईल आणि उपयोग काहीच होणार नाही.

दातांवर जो चिकट थर बसतो त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचे आणि त्यांच्यासारखे इतर जंतू असतात. तोंडात साखर आली की ते तिचं आम्ल करतात. काही मिनिटांत दाताजवळचा सामू, म्हणजे पीएच, 5.5 च्या खाली जातो आणि इनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ ते आम्ल धुऊन, मारून टाकते; सामू पुन्हा वर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि त्यानंतर लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत बसायला लागतं. 1940 च्या दशकात स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकाने हा चढउतार मोजून दाखवला, दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षापासून आम्ही तो आलेख काढतो. त्याच दशकात स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथल्या मनोरुग्णालयात चारशेहून जास्त रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन बघितलं गेलं. माणसांवर असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, करूही नये. पण त्यातून कळलं ते पक्कं आहे: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, जेवणांच्या मधे दिलेल्या चिकट टॉफीने ती झपाट्याने वाढली.

म्हणजे किलोचा हिशेब नंतरचा, आधी वेळांचा हिशेब. आपल्याकडच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी गोड चहात बुडवून बिस्कीट किंवा बटर, शाळेत मधल्या सुट्टीत चिक्की नाहीतर गोळी, घरी आल्यावर पुन्हा चहा, खेळताना पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, रात्री साखर घातलेलं दूध पिऊन झोप. प्रत्येक वेळी तोंड अर्धा-पाऊण तास आंबट. दाताला भरून यायला उसंत कुठे आहे? रात्रीचं दूध त्यातलं सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते.

चावण्याचा फायदा इथे येतो. चावायला लागलं की लाळ आठ-दहा पटीने वाढते आणि ही चावताना सुटणारी लाळ नुसती जास्त नसते, तिच्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेटही जास्त असतं. त्यामुळे चावून खायच्या पदार्थाला मी दोनच प्रश्न विचारते. तो लाळ सोडवतो का? आणि तो तोंडातून लवकर निघून जातो का? नैसर्गिक आहे का, हा प्रश्न मी विचारतच नाही. तंबाखूही नैसर्गिकच आहे.

या दोन प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा आपल्याकडचा पदार्थ म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. भाजलेल्या, खारवलेल्या, उकडलेल्या, कशाही; फक्त गुळात घोळलेल्या नकोत. साखर नाममात्र, चावायला वेळ लागतो आणि लाळ भरपूर सुटते. डब्यात मूठभर शेंगा आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा दिलात तर बिस्कीट पुड्याची जागा भरते, आणि खरा फायदा त्या रिकाम्या झालेल्या जागेचा आहे. गाजर, काकडी, मुळा, कोवळा नवलकोल, अर्धाकच्चा पेरू हेही छान. बेळगावच्या भाजी मार्केटला ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना यातलं काहीच महाग नाही.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकते. गाजर किंवा सफरचंद चावलं म्हणजे दात घासल्यासारखे होतात, असं पूर्वी शाळेच्या पुस्तकांतही सांगायचे. तसं होत नाही. गाजराचा तुकडा दाढेच्या उंचवट्यांवरून घसरत जातो. कीड लागते ती दाढेवरच्या चिरांमध्ये, दोन दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला. तिथपर्यंत गाजर पोचत नाही. गाजराचं काम लाळ सोडवणं आणि चॉकलेटच्या आड येणं, एवढंच धरा.

चिक्कोडी-अथणीकडची कडक भाकरी मला दाताच्या दृष्टीने फार आवडते. ज्वारीत पिष्ट आहेच, पण भाकरी चावावी लागते, कारळ्याच्या किंवा शेंगाच्या चटणीबरोबर, डाळीबरोबर खाल्ली जाते आणि पोटात जाते. तेच पिष्ट बारीक दळून, फुलवून, भाजून केलेलं बिस्कीट, खारी, चुरमुरे, पाकिटातले वेफर्स दाढेच्या चिरांत लगदा होऊन बसतं आणि लाळेतलं एन्झाइम त्याची तिथल्या तिथे साखर करत राहतं. चुरमुरे गोड लागत नाहीत म्हणून ते निर्धोक, असं समजू नका. भडंग खाल्ल्यावर जीभ दाढांवरून फिरवून बघा, काय सापडतं ते.

खानापूर पट्ट्यात नाचणी पिकते. तिच्यात शंभर ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशात नाही. न सोललेल्या तिळात तर त्याहून बरंच जास्त. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रोज काळे तीळ चावून वर थंड पाणी प्यायला सांगितलंय, त्याने दात मरेपर्यंत घट्ट राहतात म्हणून. ही सवय मला मान्य आहे, कारण चमचाभर तीळ नीट चावायला दोन-तीन मिनिटं लागतात. पण कॅल्शियम खाल्लं की ते थेट दातात जाऊन बसतं असं नव्हे. हिरडीतून बाहेर आलेल्या दाताचं इनॅमल पोटातल्या कॅल्शियमने वाढत नाही, त्याला जे मिळतं ते लाळेतून. हिरडीच्या आत अजून घडत असलेल्या दातांना मात्र आहारातलं कॅल्शियम लागतं, आणि नऊ वर्षांच्या मुलाचे असे बरेच दात आत आहेत. तेव्हा नाचणीची भाकरी, मीठ-ताक घातलेली आंबील जरूर द्या. गूळ घालून नाचणीचं सत्त्व दिवसातून तीनदा पाजायचं आणि वर कॅल्शियमचं नाव सांगायचं, हे चालणार नाही.

जेवणाच्या शेवटी चीजचा लहान तुकडा चावला तर सामू लवकर वर येतो, हे चांगलं तपासलेलं आहे. त्यातलं कॅल्शियम आणि केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, दोन्ही कामाला येतात. घरात आणत असाल तर त्याची जागा जेवणानंतर. नसाल आणत तर बिनसाखरेचं ताक आहेच. मोठ्यांसाठी आणि जरा समजत्या मुलांसाठी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंग गम हाही पर्याय. झायलिटॉल ही झाडांपासून मिळणारी गोडी आहे, जंतूंना तिचं आम्ल करता येत नाही. 1970 च्या दशकात फिनलंडमध्ये तुर्कू इथे तिच्यावर मोठं काम झालं. जेवणानंतर दहा-वीस मिनिटं चघळायचं. चार वर्षांच्या मुलीला देऊ नका, गिळलं किंवा अडकलं तर पंचाईत. घरात कुत्रं असेल तर त्याच्या तोंडी चुकूनही लागू देऊ नका, कुत्र्याला ते विष आहे.

आता गूळ. साखर कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात राहून हे बोलणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, पण बोलावं लागतंच. गुळात लोह आणि इतर खनिजं थोडी असतात, हे खरं. पण गुळाचा मोठा भाग सुक्रोजच आहे, म्हणजे तीच साखर. म्युटन्सला रंग कळत नाही. काकवी, मध, खजूर, मनुका यांचंही तसंच, आणि खजूर-मनुका दाढेच्या चिरेत रुतून बसतात ते वेगळं. बाळाच्या चोखणीला मध लावायची पद्धत तर ताबडतोब बंद करा. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, त्याला दातांपलीकडचीही कारणं आहेत.

गोकाकचं करदंट म्हणजे गूळ, डिंक आणि सुका मेवा. बाळंतिणीला, पैलवानाला ते पौष्टिक असेल, दाताला मात्र त्याच्यासारखं अवघड खाणं आपल्या जिल्ह्यात दुसरं नाही. चिकटतं, रुततं, आणि भरलेली दाढ ओढून काढतं. दाताच्या हिशेबाने बेळगावचा कुंदा बरा, तो विरघळून निघून तरी जातो. दोन्ही बंद करा असं मी म्हणत नाही. दुपारच्या जेवणाबरोबर खा, वर पाणी प्या, चूळ भरा, विषय संपला. डबा उघडा ठेवून येता-जाता एकेक तुकडा तोंडात टाकायचा, त्यातून माझ्याकडे पेशंट येतात.

ऊस चावल्याने दात पांढरे होतात, बळकट होतात, हेही ऐकते. उसाची चोयटी दात थोडे पुसते, लाळही सुटते, खोटं नाही. पण तोच ऊस तितका वेळ दातांवर साखरपाणी सोडत असतो. गाळपाच्या हंगामात मुलं शाळेतून येताना कांडं चावत चावत मैल-मैल चालतात. एवढा वेळ तोंड आंबट. जेवणानंतर बसून एक-दोन पेरं खाल्ली आणि भरपूर पाण्याने चूळ भरली तर चालेल. साल मात्र कोयत्याने काढून द्या. दाताने ऊस सोलण्याच्या पैजेत पुढच्या दातांचे टवके उडालेली मुलं मी दर हंगामात बघते.

आवळा, करवंदं, चिंच, कैरी यांत क जीवनसत्त्व कमी-जास्त असेल, हिरड्यांना ते लागतं, पण ही फळं स्वतःच आंबट आहेत. त्यांच्या बाबतीत जंतूंची गरजच नाही, आम्ल तयारच आहे. खा, चूळ भरा आणि लगेच दात घासू नका. अर्धा तास थांबा, नाहीतर मऊ पडलेलं इनॅमल ब्रशने खरवडलं जातं.

सासूबाईंच्या काडीला मी नावं ठेवणार नाही. चरकाने दात घासायची काडी दिवसातून दोनदा वापरायला सांगितलीय, टोक चावून मऊ करून, आणि हिरड्यांना इजा होऊ न देता. सुश्रुताने बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड अशी काडी सांगितली, आणि कडू चवीत कडुलिंब, तुरट चवीत खैर, तिखटात करंज श्रेष्ठ मानला. "काडी वापरतो" म्हणणारे बहुतेक लोक यातली दोनदा ही गोष्ट आणि हिरड्यांची ताकीद सोयीस्कर विसरलेले असतात. पश्चिम आशियातल्या मिस्वाक काडीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केलेली आहे, जिथे ती परंपरा आहे तिथे. म्हणजे काडीने दात साफ होतात का, यावर वाद नाही. हाताला वळण असेल तर होतात.

वळण असं. कडुलिंबाची किंवा बाभळीची ताजी, गाठी नसलेली फांदी घ्यायची. टोक मिनिट-दोन मिनिटं चावायचं. कडू-तुरट रसाने लाळ सुटते, हा पहिला फायदा. कुंचला मऊ झाला की हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवायचा, आडवा घासायचा नाही. आडव्या घासण्याने हिरडी खाली जाते आणि दाताच्या मानेला खाच पडते. आतली बाजू आणि शेवटच्या दाढांची मागची बाजू इथे काडी नीट पोचत नाही, तिथे वेळ द्यावा लागतो. शेवटी काडी उभी चिरून जीभ खरवडायची. दुसऱ्या दिवशी टोक कापून टाकायचं. नऊ वर्षांच्या मुलाला हे जमेल, सुट्टीत आजीबरोबर अंगणात बसून तर आनंदाने करेल. चार वर्षांच्या मुलीला काडी नको, हिरडीत घुसते. आणि कडुलिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात जाऊ देऊ नका. काडी वेगळी, तेल वेगळं, ते तेल पोटात गेल्याने मुलं गंभीर आजारी पडलेली आहेत.

ज्येष्ठमध हा यादीतला सगळ्यात चांगला उमेदवार. कन्नडमध्ये त्याला अतिमधुर म्हणतात, काष्ठौषधीच्या दुकानात कांड्या मिळतात. गोड लागतो तो साखरेमुळे नव्हे, ग्लिसिरायझिनमुळे. जंतूंना त्याचं आम्ल करता येत नाही. त्याच्या मुळीत म्युटन्सला रोखणारी द्रव्यंही सापडली आहेत, आणि परदेशात त्याच्या अर्काच्या बिनसाखरेच्या लॉलीपॉप करून मुलांवर बघितलंही गेलंय. जेवणानंतर बोटाच्या पेराएवढा तुकडा पाच-दहा मिनिटं चघळून चोथा थुंकायचा. पण रोज दिवसभर तोंडात ठेवायचा पदार्थ हा नाही. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, शरीरातलं पोटॅशियम उतरतं. आजोबांना बीपीची गोळी चालू असेल, घरात कुणी गरोदर असेल, तर त्यांनी लांबच राहावं. नातवाला दिलेली कांडी आजोबा चघळत बसतात, हा प्रकार घरोघरी असतो म्हणून सांगितलं.

हिरडा खानापूर-जांबोटीच्या जंगलात भरपूर. त्याच्या सालीचा तुकडा जेवणानंतर चघळला तर तुरट चवीने लाळ सुटते. हिरड्याच्या अर्काने चूळ भरली तर लाळेतले म्युटन्स कमी होतात आणि सामू काही वेळ चढा राहतो, असं भारतातल्या लहान अभ्यासांत दिसलंय. मुलं चवीमुळे थुंकून टाकतील, मोठ्यांनी करून बघायला हरकत नाही. साखर न लावलेली बडीशेप, एखादी वेलची, पेरूचं कोवळं पान हे सगळं लाळेपुरतं ठीक. हॉटेलच्या काउंटरवरची रंगीत बडीशेप म्हणजे साखरेच्या गोळ्याच.

लवंग आणि अक्कलकाढा यांची गणती मी प्रतिबंधात करत नाही, ती दुखण्यावरची तात्पुरती औषधं. लवंगेतलं युजेनॉल दाढ बधिर करतं. आमच्या दवाखान्यातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं. अक्कलकाढ्याचं पिवळं बोंड चावलं की जीभ झिणझिणते, लाळ गळायला लागते, ठणका उतरतो. रात्र काढायला दोन्ही उत्तम. अडचण अशी की ठणका उतरला म्हणजे दाढ बरी झाली, असं वाटतं आणि माणूस दोन महिन्यांनी गाल सुजवून येतो. लवंगेचं तेल कापसावर थेंबभर, तेही दाढेतच. हिरडीला लागलं की भाजतं. वज्रदंती, म्हणजे पिवळी कोरांटी, आणि बकुळीची साल यांचा परंपरेतला वापर जास्त करून हिरड्यांसाठी आहे, किडीसाठी त्यांच्यावर विसंबू नका. आणि आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दाढेतले किडे काढून दाखवणाऱ्याकडे तर जाऊच नका. दाढेत किडा नसतोच. वाटीत पडतात ते बियांमधले तुकडे.

दोन गोष्टी अशा आहेत की ज्या नैसर्गिक म्हणून चघळल्या-लावल्या जातात आणि ज्यांच्यामुळे मला खरी काळजी वाटते. पहिली मशेरी. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, विड्या वळणाऱ्या बायकांची कितीतरी घरं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. पुष्कळजणींना हे व्यसन आहे हेच मान्य नसतं, "दात घासतो फक्त" म्हणतात. मशेरीने दात बधिर होतात म्हणून ठणका जाणवत नाही, आणि तोवर हिरड्या खाली उतरतात, दाताची मुळं उघडी पडतात. मुळावर इनॅमल नसतं, तिथे कीड फार लवकर शिरते. हिरडीचा आणि गालाचा कॅन्सर, गरोदरपणी घेतली तर बाळाचं वजन कमी, हे वेगळंच. आजीच्या डबीतली मशेरी नातीच्या बोटाला लागते तिथून पुढच्या पिढीची सुरुवात होते. तुमच्या घरात ती डबी असेल तर कडुलिंबाच्या काडीआधी तिचा विचार करा.

दुसरी सुपारी. जेवणानंतर सुपारी चघळली की लाळ सुटते, म्हणून माझ्याच नियमाने ती चांगली ठरायला हवी. पण सुपारी स्वतःच, तंबाखू नसतानाही, कॅन्सरकारक आहे, आणि तिने गालाच्या आत दोर धरतात. तोंड उघडेनासं होतं, दोन बोटंही आत जात नाहीत. कर्नाटकात गुटख्यावर 2013 पासून बंदी आहे, पण शाळेच्या कोपऱ्यावर गोड सुपारीच्या पुड्या लटकलेल्या दिसतातच. मुलांना लग्नाच्या पंगतीतही सुपारी नको. नुसतं विड्याचं पान आणि बडीशेप द्या.

राहिला पेस्टचा प्रश्न. सोडू नका. काडी, ज्येष्ठमध, तीळ, शेंगा यांपैकी कशातच कामापुरतं फ्लोराइड नाही, आणि किडीविरुद्ध इतकी भक्कम सिद्ध झालेली दुसरी गोष्ट आमच्याकडे नाही. फ्लोराइड लाळेतल्या कॅल्शियमला दातात परत बसायला मदत करतं आणि तिथे तयार होणारं नवं कवच आम्लाला जास्त दाद देत नाही. मुलीची पांढरी रेघ याच्याच बळावर परतवायची आहे. सासूबाईंचे दात पेस्टशिवाय टिकले, हे मी नाकारत नाही. त्यांच्या लहानपणी घरात बिस्कीट किती वेळा येत होतं, चहा मुलांना मिळत होता का, गोड सणाशिवाय होत होतं का, हे त्यांनाच विचारा. ते बालपण परत आणता आलं तर पेस्टवर मीही एवढा जोर देणार नाही.

पेस्ट विकत घेताना पाकिटावर फ्लोराइड लिहिलंय का बघा, साधारण 1000 पीपीएम असतं. "आयुर्वेदिक", "हर्बल" नावाच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतं. मुलीला मटारच्या दाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. थुंकायचं, पण खळखळून चूळ भरून ती सगळी धुऊन काढायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवायचा; मुलाच्या हातात दिलेला ब्रश पुढच्या चार दातांपलीकडे जात नाही. फ्लोराइडची एक उलटी बाजूही आहे. उत्तर कर्नाटकातल्या काही कोरड्या भागांत कूपनलिकेच्या पाण्यात ते जादा असतं आणि गावातल्या बऱ्याच मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. तसं असेल तर पाणी तपासून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं असेल तर पिण्याचं पाणी बदलायला हवं. पेस्ट तरीही लागते, थुंकायला शिकवून.

तुमच्या घरासाठी सांगायचं तर मुलाला सकाळी काडी आजीबरोबर, हौसेने. दोघांनाही रात्री जेवणानंतर ब्रश आणि पेस्ट, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. मुलीचं रात्रीचं दूध जेवणाच्या आधी आणा आणि त्यातली साखर आठवड्याला थोडी थोडी कमी करत न्या, एकदम बंद केलीत तर ती दूधच सोडेल. तिला अख्ख्या शेंगा देऊ नका, या वयात घशात अडकतात. कुटून चटणी द्या, गाजर उकडून किंवा किसून. डब्यातलं बिस्कीट आधी बंद करा, गूळ-साखरेचा वाद नंतर मिटवला तरी चालेल.

मुलाला घेऊन जाल तेव्हा दोन गोष्टी स्वतःहून विचारा. ज्या पक्क्या दाढेत खड्डा आहे ती भरता येईल, पण बाकीच्या दाढांच्या चिरा अजून चांगल्या असतील तर त्यांवर सीलंट, म्हणजे चिरा बुजवणारा पातळ थर, बसवता येईल का? आणि मुलीच्या रेघांवर फ्लोराइड वार्निश लावून मिळेल का? दोन्ही कामं काही मिनिटांची, सुई नाही, यंत्राचा घर्रघर्र आवाज नाही. बेळगावात दंत महाविद्यालयांच्या दवाखान्यांत ती कमी खर्चात होतात. सकाळी लवकर पोचा आणि मुलाला नाश्ता करून घेऊन जा, उपाशी मूल खुर्चीत बसत नाही.